आजाऱ्याच्या खाटेपाशीं परीक्षा कोणाची?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार पुढें येतो. कोणी तो उघड विचारतो, कोणी मनांतल्या मनांत ठेवितो. तो असा कीं, "प्रभूवर विश्वास ठेवून प्रार्थना केली, तरी दुखणें हटलें नाहीं, तर उणें कोठें पडलें? माझा विश्वासच खोटा कीं काय?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही पाळक व उपदेशक फार लवकर देऊन मोकळे होतों. आम्हीं स्वतः एकदां असें उत्तर दिलें होतें, आणि त्याचें ओझें आजवर आमच्या मनावर आहे. तें आधीं सांगतों, म्हणजे पुढें जें लिहिलें आहे तें चुकून शिकलेल्या मनुष्यानें लिहिलें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखींतील एका लहान गांवीं एका शेतमजूर भावाची बायको क्षयानें आजारी पडली. दवाखान्यांतून तिला गोळ्या मिळत होत्या. आम्ही तिच्या घरीं प्रार्थनेस गेलों. घर माणसांनीं भरलें होतें. ख्रिस्ती नसलेले शेजारीही दारांत उभे होते. त्यांच्यादेखत प्रभूचें सामर्थ्य दिसावें अशी इच्छा आम्हांस झाली, आणि त्या भरांत आम्ही म्हणालों, "बाई, विश्वास पुरता असूं द्या, संशयाचा कणही ठेवूं नका, म्हणजे प्रभु तुम्हांस खचित उठवील." गोळ्या बंद करा असें आम्हीं म्हटलें नाहीं. परंतु त्या भोळ्या माउलीनें मनाशीं ठरविलें कीं, गोळी घेणें हाच संशयाचा कण. दोन महिन्यांनीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां तिला उठून बसवत नव्हतें. तिच्या सासूनें उतरंडीच्या मडक्यांतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून आमच्यापुढें ठेविल्या. एकही पट्टी फोडलेली नव्हती. मग दवाखान्यांत नेलें, पण उशीर झाला होता. शेवटल्या भेटींत ती आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, माझाच विश्वास कमी पडला. प्रभु मला क्षमा करील ना?"

वाचकहो, त्या बाईचा विश्वास कमी पडला नव्हता. तिनें आमच्या शब्दावर आपला जीव ठेविला होता. उणें पडलें तें आमचें. आम्हीं आपल्या मोठ्या शब्दांचा भार तिच्या माथीं दिला, आणि स्वतः सायंकाळच्या गाडीनें घरीं परतलों.

त्या दिवसापासून आम्ही स्वतःस विचारीत आलों कीं, आम्हीं तिला खरोखर काय शिकविलें? हेंच कीं, विश्वास म्हणजे नाणें, आणि आरोग्य म्हणजे माल. नाणें पुरें भरलें तर माल मिळेल. न मिळाला तर समजावें कीं नाणें खोटें. परंतु हा सौदा ख्रिस्ताच्या शाळेंतला नव्हे. हा आमच्या ओळखीचा जुना सौदा आहे. आमचे वाडवडील देवऋष्याकडे जात. तो अंगारा देई, गंडा बांधी, बोकड मागे, आणि गुण आला नाहीं तर म्हणे, "तुमच्याच हातून कांहीं चुकलें असेल." देवऋषी कधीं हरत नसे, हरत असे तो रोगी. आम्हीं बोकड सोडला, गंडा तोडला, पण हिशेब तोच ठेविला. बोकडाच्या जागीं विश्वास आणून बांधिला, एवढेंच.

आतां शास्त्राकडे पाहूं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांधाची गोष्ट आहे. त्याला पाहतांच शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? रोग्याच्या माथीं दोष देण्याची खोड तेव्हांही होतीच. प्रभूनें तो दोष दोघांवरूनही काढून टाकिला. मग त्यानें चिखल करून त्या मनुष्याच्या डोळ्यांस लाविला, आणि शिलोह तळ्यांत धुण्यास पाठविलें. तो धुऊन डोळस होऊन आला. आतां लक्ष द्या. त्यानें आधीं विश्वासाची कबुली दिली होती काय? नाहीं. बरें करणाऱ्याचें नांव येशू, एवढेंच त्याला ठाऊक होतें. तो कोठें आहे असें शेजाऱ्यांनीं विचारलें, तर तेंही त्याला सांगतां आलें नाहीं. आरोग्य त्याला फुकट मिळालें.

मोल पुढें द्यावें लागलें. परूश्यांनीं त्याला दरडावून विचारलें. आईबापांनीं सभास्थानांतून घालवून देतील ह्या भीतीनें अंग काढून घेतलें. तो मात्र जें झालें तेंच सांगत राहिला, आणि शेवटीं बाहेर घालविला गेला. तेव्हां प्रभूनें त्याला शोधून काढिलें, आणि तेव्हांच त्यानें विश्वास ठेवून नमन केलें. म्हणजे क्रम असा आहे: आधीं कृपा, मग साक्ष, मग बहिष्कार, आणि त्या बहिष्काराच्या ठिकाणीं प्रभूची भेट. आरोग्य विकत घेण्यासाठीं त्यानें एक कवडीही दिली नाहीं. परंतु मिळालेल्या कृपेशीं खरें राहण्यासाठीं त्याला सर्व द्यावें लागलें. ज्यांच्या आजोबांस बाप्तिस्म्यानंतर गांवच्या विहिरीवर पाणी मिळेनासें झालें, त्यांस हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

कोणी म्हणेल कीं, बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीस प्रभूनें स्वतःच सांगितलें कीं तिच्या विश्वासानें ती बरी झाली, त्याचें काय? तें खरें आहे. पण तो विश्वास कसा होता तेंही पाहा. ती गर्दींत मागून भीत भीत आली आणि तिनें वस्त्राला हात लाविला. विश्वास म्हणजे पुढें केलेला हात. तो रिकामा असतो, म्हणूनच पुढें केला जातो. आणि भिकाऱ्याचा हात ही कांहीं भाकरीची किंमत नव्हे. मार्कानें सांगितलेल्या त्या मुलाच्या बापानें तर आपला अविश्वास प्रभूसमोरच कबूल केला, आणि मुलगा तरीही बरा झाला. आम्हीं त्या आजारी बाईपाशीं संशयाचा कणही नसावा असें मागितलें. प्रभूनें त्या बापापाशीं तें मागितलें नव्हतें.

प्रभु आजही बरें करितो, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. याकोबानें वडिलांस आजाऱ्यासाठीं प्रार्थना करण्यास सांगितलें आहे, आणि तें आम्हीं सोडूं नये. परंतु कोणास, केव्हां व कसें बरें करावें हें त्याच्या हातीं आहे. तें वचन आपल्या तोंडानें देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पौलानें आपल्या देहांतील कांट्यासाठीं तीनदां विनंती केली. कांटा राहिला, कृपाही राहिली. त्यानें आपला सोबती त्रफिम ह्यास मिलेतांत आजारी ठेवून पुढची वाट धरिली. तीमथ्याच्या वरचेवर येणाऱ्या दुखण्यावर त्यानें थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, विश्वास वाढव असें सांगितलें नाहीं. आणि त्याचा प्रिय लूक हा वैद्यच होता.

आमच्याच महाराष्ट्रांतील पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, तेव्हां वैद्यकी शिकण्याचा त्यांचा मानस होता; कान मंद होत चालल्यामुळें तो तडीस गेला नाहीं. त्याच वर्षीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें केडगांवच्या मुक्तिमिशनांत दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुलींस त्यांनीं आसरा दिला. १९०५ सालीं तेथें मोठें संजीवन झालें, रात्रंदिवस प्रार्थना चालली. इतक्या प्रार्थनेच्या ठिकाणीं बाईंचा बहिरेपणा मात्र गेला नाहीं. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, आणि १९२२ सालीं त्या स्वतः वारल्या. शेवटपर्यंत त्या शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम करीत होत्या. त्यांचा विश्वास कमी होता असें कोण म्हणेल?

आमच्या प्रांताबाहेरचें एक उदाहरण देतों. तमिळ मुलखांतील कोल्ली डोंगरांत जेसी ब्रँड व त्यांची पत्नी एव्हलिन हीं दोघें सुवार्ता सांगत आणि आजाऱ्यांस औषध देत. १९२९ सालीं जेसी ब्रँड हिवतापाच्या भयंकर विकारानें तेथेंच वारले. ज्यानें इतरांचे ताप उतरविले, त्याचा ताप उतरला नाहीं. पत्नी पुढें पुष्कळ वर्षें डोंगरी लोकांतच राबल्या, आणि १९७४ सालीं फार म्हाताऱ्या होऊन वारल्या. मुलगा पॉल शस्त्रवैद्य झाला. १९४६ सालीं तो वेल्लोरास आला, आणि कुष्ठरोगानें वांकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून पुष्कळांचे हात त्यानें पुन्हां कामास लाविले. त्या घराण्यानें मोल दिलें, तें स्वतःच्या आरोग्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्यांच्या.

ह्यावरून आमच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. आजाऱ्याच्या खाटेपाशीं परीक्षा आजाऱ्याची नसते. ती धडधाकट उभे असलेल्यांची असते. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असें प्रभूनें आपल्यामागें येऊं पाहणाऱ्यांस सांगितलें. अंथरुणावर पडलेल्यांपाशीं त्यानें असा हिशेब मागितला नाहीं. शेजाऱ्यास दवाखान्यांत नेण्यासाठीं एका दिवसाची मजुरी बुडविणें, रात्रीं उशाशीं बसणें, गुण येत नाहीं असें दिसल्यावर तोंड चुकवून न पळणें, हा आमच्या खेड्यांतला वधस्तंभ आहे. उपदेशक बंधूंनो, आपणांस आणखी एक मोल द्यावें लागेल. "ह्यांच्या प्रार्थनेनें हमखास गुण येतो" हें नांव सोडावें लागेल. शेजारच्या गांवीं कोणी मोठीं वचनें देईल, आणि आपली कांहीं माणसें तिकडे जातील. जाऊं द्या. खरें बोलून दहा माणसें उरलीं तर तीं दहा बरीं.

क्षयाचें औषध सहा महिने तरी घ्यावें लागतें. मध्येंच सोडलें तर रोग पुढें त्या औषधास दाद देईनासा होऊं शकतो. तें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. कुष्ठरोगावरही १९८२ सालापासून अनेक औषधांचा एकत्र उपचार चालू झाला, आणि त्यानें रोग बरा होतो. हीं औषधें देवाच्या दयेबाहेरचीं आहेत असें समजूं नका. ज्यानें चिखल वापरिला, त्याला गोळी वापरण्याचा कमीपणा वाटत नाहीं.

त्या बाईच्या मृत्यूनंतर आम्ही तिच्या नवऱ्यापुढें बसलों, आणि आमची चूक सरळ कबूल केली. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, पुढच्या घरीं जाल, तेव्हां गोळ्या घेतल्या का तें आधीं विचारा, आणि मग प्रार्थना करा."

तेव्हांपासून आम्ही तसेंच करीत आलों आहों. बंधूंनो, तुम्हीही तसेंच करा. आणि कोणी आजारी भाऊ अथवा बहीण तुम्हांस विचारील कीं, माझा विश्वास कमी पडला काय, तर त्या माणसाचा हात हातीं घेऊन सांगा कीं, नाहीं. तुला धरून ठेवणारा प्रभु आहे, आणि आम्हीही येथेंच आहों. मग खरोखर तेथेंच राहा.