हात कुठे जातो?

अहिल्यानगरला २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरीच्या गादीवरच्या लढतीनंतर मल्ल शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. तेव्हापासून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी एकच वाक्य ऐकतो आहे : "डोकं तापलं की काय कळतं? हात जातोच." एक माजी महाराष्ट्र केसरी तर पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या, असे जाहीरपणे बोलले. त्यांच्याकडे नंतर येतो. आधी कट्ट्यावरचे वाक्य, कारण ते सौम्य आहे आणि म्हणूनच मुलांपर्यंत लवकर पोचते.

हात जातोच, हे खोटे आहे. निदान कबड्डी बघत वाढलेल्या परळ-लालबाग-प्रभादेवीच्या माणसाने तरी ते म्हणू नये. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराचा दम संपत आलेला असतो, समोर सात जण टपलेले असतात, तरी कुणाला शिवायचे आणि कुणाच्या तावडीत सापडायचे नाही हे त्याला नेमके कळते. स्पर्शावरच उभा असलेला हा खेळ. त्यात दोन पावलांवरच्या पंचाला कुणी चुकून पकडत नाही.

त्याहून मोठा पुरावा आपल्याच सुनील गावसकरचा आहे. दादर युनियन क्लबचा, माधव मंत्रींच्या शिस्तीत वाढलेला खेळाडू. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. सत्तरीवर खेळत असताना गोलंदाज लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्याला पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता, अशी त्याची खात्री. त्यात परतताना लिलीचे शब्द कानावर पडले. गावसकर उलटा फिरला आणि चेतन चौहानला घेऊन मैदान सोडायला निघाला. भारतीय क्रिकेटने पाहिलेला हा एक अतिशय उग्र संताप. पण त्या संतापात हात कुणाला लागला? चौहानला, स्वतःच्या जोडीदाराला. व्हाइटहेड जवळच उभे होते, त्यांना बोटही लागले नाही. संतापाच्या टोकावरही त्या हाताला ठाऊक होते, कुठे जायचे नाही. पुढे गावसकरने त्या दिवसाबद्दल खेद व्यक्त केला. पंचावर हात टाकल्याबद्दल खेद करण्याची वेळ मात्र त्याच्यावर आली नाही.

इथवर लिहून मी थांबणार होतो. दोष खेळाडूचा, शिक्षा खेळाडूला. राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली, अंतिम कुस्ती सोडून गेलेल्या महेंद्र गायकवाडवरही आली. हिशेब पुरा. पण पंचाने चितपट ठरवले तरी राक्षेचे म्हणणे होते की त्याचे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. आंतरराष्ट्रीय नियमांत चितपट म्हणजे नुसते खांदे टेकणे नव्हे. पूर्ण ताबा पंचाला दिसेल इतका वेळ ते टेकलेले राहावे लागतात आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची संमतीही लागते. म्हणजे पंचाची नजर त्या डावाचाच भाग आहे. ती चुकली तर मल्लाची वर्षभराची मेहनत जाते. त्याची तक्रार तिथल्या तिथे ऐकणारा कुणीतरी हवा. ही मागणी मला पूर्ण मान्य आहे, लाथ मान्य नसतानाही.

मग मेलबर्न मला वेगळे दिसू लागले. गावसकर-चौहान सीमारेषेपाशी पोचले तेव्हा तिथे संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी उभे होते. त्यांनी चौहानला परत पाठवले. सामना पुढे चालला, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत कोसळली आणि भारत ५९ धावांनी जिंकला. त्या दिवशी रेषेवर शहाणा माणूस होता.

डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलंड्समधल्या आल्मेरे इथे तो नव्हता. मुलांच्या फुटबॉल सामन्यात, स्वतःच्या मुलाच्या संघासाठी हौसेने लाइन्समनचा झेंडा धरणाऱ्या एका बापाला प्रतिस्पर्धी संघाच्या पोरांनी लाथांनी तुडवले. दुसऱ्या दिवशी तो गेला. शिक्षा झाली ती सहा किशोरांना आणि त्यांच्यातल्या एकाच्या पन्नाशीतल्या वडिलांना. सर्वांत मोठी, सहा वर्षांची, त्या वडिलांना. ज्याने मुलाला आवरायचे तोच लाथा घालत होता.

म्हणून त्या माजी महाराष्ट्र केसरींवर माझा राग राक्षेपेक्षा जास्त आहे. राक्षे आखाड्यात हरून उभा होता. ते बाहेर, सुरक्षित उभे होते आणि तालमीतली पोरे त्यांच्याकडे बघत होती.

गेल्या पावसाळ्यात शिवाजी पार्कात, चिखलात मुलांचा फुटबॉल सामना चालला होता. रेफरी कॉलेजातला पोरगा, अठरा-एकोणीसचा. ऑफसाइडची शिटी वाजली आणि तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा त्याच्या अंगावर धावून गेला. छातीशी पोचला आणि थबकला. हात उचललेला होता. त्याने मान वळवून कडेला, छत्रीखाली उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले.

वडील ओरडले, "सोडू नको त्याला!"

मग त्याने ढकलले.

रेफरीने लाल कार्ड काढले, नियमाप्रमाणे मुलाला दाखवले. मुलगा रडत बाहेर गेला. वडील मात्र सामना संपेपर्यंत तिथेच, रेषेला पाय लावून उभे होते. ते हलेपर्यंत सामना थांबवण्याचा अधिकार त्या कॉलेजातल्या पोराला आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते आणि आम्ही कट्ट्यावरचे कुणी उठलो नाही.