मुरणे आणि शिकणे

‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण चेष्टेने म्हणतो. कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या इटालियन वासारीने ते गंभीरपणे लिहून ठेवले. १५६६ मध्ये तो व्हेनिसला चित्रकार तिशियनच्या घरी गेला, तेव्हा म्हातारा कुंचला हातात धरून रंगवतच होता. उतारवयातली ही चित्रे जवळून पाहिली तर नुसते फटकारे दिसतात, लांब सरकले की चित्र उभे राहते, हे वासारीने अचूक टिपले. तरीही दोन वर्षांनी छापलेल्या ग्रंथात त्याने सुनावलेच, की आता विरंगुळ्यापुरते रंगवले असते तर कमावलेल्या नावाला बाध आला नसता. पेन्शनरला ‘आता आराम करा’ सांगणाऱ्यांचाच हा सूर.

तो पालटायला साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. १९३७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोचा बेथोव्हेनच्या अखेरच्या रचनांवरचा लेख प्रसिद्ध झाला. तिथला खडबडीतपणा त्याला थकव्याची खूण वाटला नाही. ही परिपक्वता पिकल्या फळासारखी गोल-गोड नसतेच, असे त्याचे म्हणणे. २००६ मध्ये डेव्हिड गॅलेन्सनने चित्रांच्या किमती तपासून दाखवले, की पिकासोची तरुणपणातली कामे महाग, तर चाचपडत पुढे जाणाऱ्या सेझानची शेवटची. अर्थशास्त्रज्ञ तो, किमतीच बघणार.

मला अडोर्नोचे ते फळाबद्दलचे म्हणणे अधिक मोलाचे वाटते. कारण आपण म्हाताऱ्या कलावंताची स्तुतीही स्वयंपाकघरातल्या शब्दाने करतो: मुरलेला गवई, मुरलेला नट. बरणीला दादरा बांधून ठेवला की लोणचे आपोआप मुरते. (गवयाचा दादरा वेगळा.) माणसाचे तसे होत नाही. साठीला बुद्धी पळाली म्हणणारा आणि साठीनंतर कला मुरते म्हणणारा, दोघेही सगळे कर्तृत्व वयाला देऊन मोकळे होतात. त्या वयात तो माणूस रोज उठून काय करत होता, हे बघायचे राहूनच जाते.

चित्रकार फ्रान्सिस्को गोया १८२४ मध्ये स्पेन सोडून फ्रान्समधल्या बोर्डोला गेला तेव्हा ७८ वर्षांचा होता, तीसेक वर्षांपासून ठार बहिरा. पहिल्याच हिवाळ्यात त्याने हस्तिदंताच्या चिमुकल्या पट्ट्या काजळीने काळ्या केल्या आणि वर पाण्याचा थेंब सोडला. ओघळ जाईल तिथली काजळी निघे, आणि त्या उजळलेल्या वेड्यावाकड्या डागांतून तो चेहरे शोधून काढी. अशी चाळीसेक चित्रे झाली. मग शिळाछाप. ही कलाच त्याच्यापेक्षा पन्नासेक वर्षांनी लहान. माद्रिदमध्ये त्याने ती थोडी चाखून पाहिली होती, इथे नेटाने धरली. दगड कॅनव्हाससारखा ईझलवर उभा करायचा, खडू कुंचल्यासारखा चालवायचा, उजेड हवा तिथे खरवडायचे आणि नजर साथ देईना म्हणून भिंग लावायचे. यातून बैलझुंजीची चार मोठी चित्रे निघाली, प्रत्येकाच्या शंभर प्रती. बोर्डोतच त्याने दोन काठ्यांवर भार टाकून चालणारा एक दाढीवाला म्हातारा रेखाटला आणि वर दोन शब्द लिहिले, ‘अजून शिकतोय’. ते रेखाटन आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

आपल्याकडे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेली, तेव्हा त्यांनीही रंग सोडून कागदकाम आणि माती हाताशी घेतली. काही वर्षांनी शांतिनिकेतनात त्यांचे टाइल्सचे भित्तिचित्र उभे राहिले. हातातले एक साधन गेले म्हणून दुसऱ्याची बाराखडी गिरवणे, यात मुरणे कुठे आले?

पॅरिसमधल्या फेरेर नावाच्या स्नेह्याने गोयाला व्यवहाराचा सल्ला दिला, की १७९९ चा गाजलेला ‘काप्रिचोस’ हा छापचित्रांचा संच पुन्हा काढावा. डिसेंबर १८२५ मध्ये गोयाने उत्तर पाठवले. त्या संचाच्या तांब्याच्या पट्ट्या राजाला देऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती, पण नकाराचे दुसरे कारणही त्याने लिहिले: त्यांची नक्कल मी करणार नाही, हल्ली मला त्याहून चांगले सुचते.