झोळीवरचं छत

चातुर्मासात साधू एका जागी थांबतात. ओल्या जमिनीवर पाऊल टाकलं की किती जीव पायाखाली येतील, याची त्यांना काळजी. आपण त्यांच्यासाठी वसतिका झाडून ठेवतो, मांडव गळत नाही ना, दोनदा बघतो. त्याच आषाढ-श्रावणात मैलूरच्या आसपासच्या शिवारात सोयाबीन-उडदाची खुरपणी चाललेली असते. बाया लेकरं घेऊन येतात. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू, आणि वरून पावसाची सर.

त्या झोळीवर बांधायला ताडपत्री घरीच शिवता येते. (ताडपत्री म्हटलं की आपल्याला मूडबिद्रीचे ग्रंथ आठवायचे!) युरियाची सहा रिकामी पोती उसवून, धुऊन वाळवायची. धुतलेलं पाणी जनावरांच्या हौदात जाऊ द्यायचं नाही, ते विषारी असतं. दोन-दोन पोत्यांच्या तीन रांगा करायच्या. मधली रांग दोरीवर येते, म्हणून ती बाजूच्या रांगांवर कौलासारखी चार बोटं चढवून शिवायची, म्हणजे उताराचं पाणी शिवणीत शिरत नाही. दाभणाने नायलॉनचा दोरा घालायचा आणि शिवणीवरून मेणबत्ती घासायची. कोपऱ्याला भोक पाडलं की वाऱ्यात फाटतं; त्यापेक्षा कोपऱ्यात गुळगुळीत खडा ठेवून बाहेरून दोरीचा फास आवळायचा. आणि एक गोष्ट बाया विसरतात. पाणी झोळीच्या दोरीवरूनच ओघळत आत येतं. छताखाली आल्यावर त्या दोरीला दोन्हीकडे एकेक चिंधी बांधून लोंबती ठेवली, की पाणी तिथेच ठिबकून जातं. विजा कडाडत असतील तर मात्र झाडाखाली झोळीच नको.

आता प्रश्न असा, की ही ताडपत्री दिली तर ते दान झालं का? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण यांच्याबरोबर आवासही दानात धरला आहे. कुणी म्हणेल, तो आवास व्रती पात्रासाठी. मजुरणीला दिलेलं ते दयादत्तीत मोडतं. आदिपुराणात तसा भेद आहे, खरंय. पण मला हा वाद इथे लागूच वाटत नाही. दान कुणाला म्हणावं? जे देणं लागत नाही ते दिलं तर. शेत आपलं, पीक आपलं, त्या पिकासाठी ती बाई भिजते. मग तिच्या लेकराची सावली आपण तिचं देणंच लागतो. रोजगार हमीच्या 2005च्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी आणि मुलांसाठी सावली लिहिलेली होती. सरकारी कामावर जी गोष्ट हक्काची, ती आपल्या बांधावर आली की पुण्याची कशी होते?

देणं फेडून वर पुण्याची पावती मागायची, हा मला परिग्रहच वाटतो. पैशाचा नसेल, मोठेपणाचा.

मजुरी ठरते तेव्हा वेळ ठरते, चहा ठरतो, पाणी कुणी आणायचं तेही ठरतं. तेव्हाच झोळीवरचं छत कुणाचं, हेही घरातल्या बाईने विचारून टाकावं. पोती तर आपल्याच खळ्यात पडलेली असतात.