कैसे मालूम?

नववीच्या मुलींना आम्ही दरवर्षी एक तास जुन्या वर्तमानपत्रांचा देतो. जाहिराती कापून आणायच्या आणि प्रत्येकीखाली एकच प्रश्न लिहायचा : 'कैसे मालूम?' एकदा एकीने गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात आणली. आधी सावळा चेहरा, नंतर उजळ चेहरा आणि हातात नेमणुकीचे पत्र. नोकरी रंगाने मिळाली की अभ्यासाने, हे जाहिरात सांगतच नाही. आधी हे झाले, मग ते झाले, म्हणजे यामुळेच ते झाले, एवढीच तिची युक्ती. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला. लोकांच्या मनातला काढणे बाकी आहे.

जाहिरातीतली चलाखी मुलींना चटकन कळते. बातमीतली कळायला वेळ लागतो, कारण तिथे भीती असते. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील काहींना कोरोनाची लागण झाली, हे खरेच होते. पण 'काही तबलिगी आजारी' इथून 'मुसलमान आजार पसरवतात' इथपर्यंत काही वाहिन्यांनी थेट उडी मारली. आमच्या मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याला गिऱ्हाइके भावाआधी नाव विचारू लागली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केल्याचे आणि माध्यमांतल्या अपप्रचाराचे ताशेरेही ओढले.

इथवर लिहिणे सोपे आहे, कारण दोष दुसऱ्याचा आहे. २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले आणि आमच्या मोबाईलवर एक आवाज आला. कुणी 'डॉक्टर साहेब' सांगत होते, लसीने मूल होत नाही. कोण डॉक्टर, कुठले, आम्ही विचारले नाही. बोली आपली होती, स्वरात काळजी होती. 'एहतियात म्हणून' आम्ही तो नातेवाइकांना पाठवला. सत्तरीतल्या नानींना मूल होण्याचा प्रश्नच नव्हता. पण भीती हिशेब करीत नाही. त्यांनीही लस पुढे ढकलली. मग त्या आजारी पडल्या, पंधरा दिवस इस्पितळात राहिल्या. अल्लाहच्या कृपेने वाचल्या. लस घेतली असती तर आजार टळलाच असता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. तसे म्हणणे ही पुन्हा जाहिरातीचीच चूक होईल. पण न तपासता पाठवले ते आम्हीच.

सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर पडताळून घेण्याचा हुकूम आहे. तो फक्त परक्यांच्या खबरीला लागू आहे, असे आम्ही कधी ठरवले? आमच्याविषयी कुणी न तपासता बोलले तर आम्ही त्याला जुलूम म्हणतो. आम्ही न तपासता बोललो तर त्याला काळजी म्हणतो. तर्कातली चूक निव्वळ अकलेची नसते. तिची किंमत दुसरा मोजणार असेल, तर ती इन्साफची बाब होते.

पुढच्या वर्षी वर्गात आम्ही कात्रणांसोबत तो आवाजही ऐकवला. मुलींनी 'कैसे मालूम?' विचारलेच. मग एकीने विचारले, ''सर, ये भेजा किसने था?''

आम्ही सांगितले.