बाहेरून शाबूत

शिडाच्या नौकेतील डिझेल इंजिनाचा धूर बहुधा कोरडा बाहेर सोडत नाहीत. इंजिनाची उष्णता घेऊन आलेले समुद्राचे पाणी एका वाकड्या नळीत, ‘एल्बो’त, धुरात मिसळते आणि दोन्ही मिळून रबरी नळीवाटे बाहेर पडतात. उष्णता, खारे पाणी आणि धुरातील आम्ल यांमुळे हा एल्बो आतून झिजतो; बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो. भोक पडले की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. निजलेल्याला जाग येईलच असे नाही.

एल्बो जुना झाला आहे हे ठाऊक असलेल्याने नौका विकताना ते सांगावे काय? घेणाऱ्याने पारखून घ्यावे, हे म्हणणे कापडाला शोभते. एल्बो उतरवल्याशिवाय आतले दिसत नाही. ‘विचारले नाही, म्हणून सांगितले नाही’ असे मौन शासकीय सेवेत मीही पाळले आहे. टिप्पणीत खोटे काही नव्हते, फक्त एक वाक्य कमी होते. आज ते वाक्य आठवते. जो आपल्या भरवशावर निजतो, त्याच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण आधीच देणे लागतो.