दोन जिवांची

आपल्याकडे गरोदर स्त्रीला ‘दोन जिवांची’ म्हणतात. एरवी कौतुकाने उच्चारले जाणारे हे शब्द, हृदयात यांत्रिक झडप बसविलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र एक कठीण नैतिक प्रश्न होऊन उभे राहतात.

लहानपणी घशाच्या संसर्गामागून येणारा संधिज्वर पुढे हृदयाच्या झडपा निकामी करतो. आपल्या देशातून हा विकार अजून हटलेला नाही. यांत्रिक झडप बसली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. हे औषध १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले होते. मात्रा मोजून दिल्यावर तेच माणसे जगवू लागले.

दिवस गेले की पेच पडतो. ही गोळी आईच्या झडपेला उत्तम राखते, परंतु ती वारेतून बाळापर्यंत पोहोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान तिच्यामुळे बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीत व्यंग येऊ शकते; पुढेही मेंदूत रक्तस्रावाचा धोका राहतो. हेपरीनचे इंजेक्शन वार ओलांडत नाही. मात्र त्यावर झडपेत गुठळी होण्याची भीती अधिक.

मग घरातली मंडळी विचारतात, ‘आई राखायची की बाळ?’ आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५१ मधील एका भाषणात हेच स्पष्ट केले होते. आईपेक्षा बाळाचा जीव अधिक मोलाचा मानावा, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकविलेले नाही. दोघांनाही वाचविण्यासाठी सर्व उपाय योजणे हेच कर्तव्य होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे कर्तव्य प्रत्यक्षात मोजमापाने पार पडते. गोळी चालू असेल तर आयएनआर ही तपासणी वारंवार करावी लागते. आजकालचे हेपरीन दिवसातून दोनदा टोचतात आणि इंजेक्शननंतर सुमारे चार तासांनी रक्त घेऊन त्याचा परिणाम पाहतात. वजन वाढते, मूत्रपिंडे औषध लवकर बाहेर टाकतात. म्हणून गेल्या महिन्याची मात्रा या महिन्यात पुरेलच असे नाही. ज्यांना दिवसाला पाच मिलिग्रॅमपर्यंतची गोळी पुरते, त्यांच्या बाळाला धोका कमी असतो. अशांना कधी गोळीच चालू ठेवण्याचा सल्ला मिळतो, इतरांना पहिल्या तिमाहीत इंजेक्शन. प्रसूती जवळ आली की मात्र गोळी थांबवावीच लागते. सर्वांना लागू पडेल असा एक नियम येथे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक का मानले, हे अशा वेळी कळते.

‘देवावर भरवसा ठेवा, इतक्या सुया कशाला?’ असे म्हणणारेही भेटतात. परंतु सोपविलेल्या जिवाची चौकशी न करणे याला भरवसा म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सोयरीक जुळविताना मुलीची शस्त्रक्रिया लपविली जाते. मग सासरी गोळी चोरून घेतली जाते, कधी चुकते, आणि दिवस गेल्याचे डॉक्टरांना उशिरा कळते. तोवर ते नाजूक आठवडे उलटून गेलेले असतात. अशी गर्भधारणा डॉक्टरांशी आधी बोलूनच व्हावयास हवी. ते असत्यावर उभ्या संसारात कसे घडावे? आणि सत्य सांगणाऱ्या मुलीला नाकारणारे आपण या असत्याला जबाबदार नाही काय?

सुई तिच्याच अंगात शिरते, म्हणून निर्णयात तिचा शब्द पहिला असावा. तपासणीचा खर्च, दवाखान्याची वाट, तारखांची वही मात्र नवऱ्याने, सासूने, शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी. एवढे करूनही कधी बाळ हाती लागत नाही. त्या घरी गेल्यावर ‘कोठे चुकले?’ असे तिला विचारू नये. तिने नऊ महिने दोन जीव मोजून जपले. आपण तिच्याजवळ नुसते बसावे.