वानगी आणि वायदा

अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा हा आमच्या लहानपणीचा मोठा आनंद होता. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकाने लागत, पाळणे येत. आमच्या मोहल्ल्यातली मुलेही जत्रेला जात. घरचे कधी अडवीत नसत. एका वर्षी तिथे एक तंबू लागला होता. बाहेर रंगवलेला पडदा होता, कमरेच्या वर बाई आणि खाली नागीण. भोंग्यावर एक माणूस ओरडत होता. अम्मीने दिलेले पैसे मोजून आम्ही आत गेलो. आत टेबलाच्या भोकातून मान बाहेर काढून एक कंटाळलेली मुलगी बसली होती आणि बाजूला कापडाची शेपटी होती. बाहेर आल्यावर दोस्तांनी विचारले, "कसं आहे?" आम्ही म्हणालो, "जबरदस्त! जा, बघून या." एकट्यानेच फसल्याची लाज वाटत होती.

आज आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. तंबूवरच्या पडद्याची जागा आता सिनेमाच्या ट्रेलरने घेतली आहे आणि भोंगा प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रश्न मात्र तोच आहे. वानगी दाखवणारा माणूस मालाबद्दल काही वायदा करतो की नाही?

या प्रश्नावर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या एक शिक्षिका ग्राहक मंचापर्यंत गेल्या. 2016 साली 'फॅन' चित्रपटाच्या जाहिरातीत दिसणारे गाणे पाहून त्या मुलांना घेऊन सिनेमाला गेल्या. चित्रपटात ते गाणेच नव्हते. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. अखेर 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ट्रेलर हा करार नव्हे, प्रेक्षकाला चित्रपटाकडे ओढण्याचे ते साधन आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण कायदा संपतो तिथे ईमान सुरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, तेव्हा बोटांना ओल लागते. विक्रेता पावसाचे कारण सांगतो. त्यावर प्रेषित विचारतात की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? फसवणारा आपल्यातला नव्हे, असेही ते सांगतात. त्या विक्रेत्याने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्याने फक्त कोरडे दाणे वर ठेवले होते.

ट्रेलरमध्ये याच्या उलटही घडते. कधी कधी भिजलेले, कुजलेले दाणेच मुद्दाम वर मांडले जातात, कारण संतापाला गिऱ्हाईक लवकर मिळते. 'द केरला स्टोरी'च्या 2022 मधील टीझरने 32 हजार मुलींचा आकडा सांगितला. 2023 मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर ट्रेलरखालच्या मजकुरात तो तीनवर आला. पुढे त्या आकड्याला अधिकृत आधार नाही, असा खुलासा चित्रपटात घालण्याचे निर्मात्यांनी सर्वोच्च न्यायालयात मान्य केले. पण 32 हजार ज्या वेगाने गावोगाव पोहोचले, त्या वेगाने तो खुलासा कधी पोहोचला नाही.

2024 च्या जूनमध्ये 'हमारे बारह'चा ट्रेलर फिरू लागला. आमच्या शिक्षकांच्या गटावर तो आला. आम्ही संतापाने 'निषेध' लिहून तो आणखी चाळीस जणांना पाठवला. चित्रपट पाहिलेला नव्हता. शाळा उघडली आणि नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मैत्रिणीने मला हे पाठवलं आणि विचारलं, तुमच्या घरी असंच असतं का? मी तिला काय सांगू?"

आम्ही गप्प झालो. तिच्या मैत्रिणीपर्यंत तो ट्रेलर कोणाकडून गेला, ते कोण सांगणार? आमचे चाळीस त्या साखळीत होतेच. यूट्यूबने 2021 पासून नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणे बंद केले; किती जणांनी पाहिले हा आकडा मात्र दिसत राहतो. त्यात आमचा निषेध आणि दुसऱ्याची टाळी सारखीच मोजली जाते. निर्मात्याचा भोंगा आम्ही फुकट वाजवला होता.

मग सर्वोच्च न्यायालयाने टीझर आक्षेपार्ह ठरवून प्रदर्शन थांबवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला आणि बदल करून घेऊन 19 जूनला परवानगी दिली. चित्रपट मुस्लिम समाजाच्या किंवा कुरआनच्या विरोधात नाही, उलट स्त्रियांच्या उन्नतीविषयी आहे, असे त्यांचे मत पडले. प्रमाणपत्राआधीच ट्रेलर दाखवल्याबद्दल निर्मात्यांना पाच लाख रुपये भरावे लागले. दाद मागणाऱ्यांचा मार्ग योग्य होता. आमचा नव्हता. ऐकलेली खबर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, हा कुरआन शरीफचा हुकूम आम्ही वर्गात शिकवतो, आणि आम्हीच तो विसरलो.

त्या मुलीला उत्तर देणे बाकी होते. आम्ही म्हणालो, चला, मोजू या. प्रत्येकीने आपली भावंडे सांगितली. बहुतेकींच्या घरी दोन-तीन, एकीच्या घरी सात. बारा कोणाच्याच घरी नव्हती. मुली हसल्या. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला, दहावीनंतर कोणाच्या बहिणीची शाळा सुटली? हसणे थांबले. सहा हात वर आले.

ट्रेलर खोटा होता, पण म्हणून आमचा निषेध पुरा खरा ठरत नाही. निर्मात्याने वानगीशी प्रामाणिक राहावे ही अपेक्षा आपण जरूर ठेवू. पण आपणही समाजाची वानगी जगाला दाखवत असतो आणि भिजलेले दाणे खाली दडपतो. दुसऱ्याच्या ढिगात हात घालण्याआधी आपल्या ढिगात घालून पाहावा. ते सहा हात आम्हांला अजून दिसतात. त्या सहा घरी जाऊन बोलणे हे चाळीस जणांना निषेध पाठवण्याहून अवघड आहे. दोन घरी आम्ही जाऊन आलो. चार बाकी आहेत.